बाहेर देऊ नये

ग्रंथालयात पुस्तकासाठी येणारा माणूस दुर्मीळ, हे मी एकोणतीस वर्षं एकाच खुर्चीत बसून सांगते. राजारामपुरीतल्या आमच्या वाचनालयात लोक पंख्याखाली बसायला येत, फुकटचा पेपर वाचायला येत, समोरच्या दवाखान्यात नंबर लागेपर्यंत वेळ काढायला येत. जाताना "काय ग्रंथसंपदा आहे हो तुमच्याकडं" एवढं म्हणून जात. ती संपदा बघायला जिना चढून वर मात्र कोणी जात नसे. गुडघे दुखत सगळ्यांचे.

वर संदर्भ विभाग होता. माझा. म्हणजे वाचनालयाचाच, पण झाडण्यापासून वाळवी बघण्यापर्यंत सगळं मीच करायची, म्हणून माझा. सीमाभागातले शिलालेख, प्राकृताचं व्याकरण, उसावरचे रोग, जनावराच्या दातांवरून वय ओळखायचं शास्त्र, कुस्तीच्या डावांची रेखाचित्रं, हातमागाच्या विणीचे नमुने, तेही खऱ्या कापडाचे तुकडे चिकटवलेले. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले विद्वान एका कपाटात शेजारी शेजारी उभे. त्यातलं निम्मं मला कळत नव्हतं. पण जे कळत नाही ते रद्दी, असं मानायला मी काही कार्यकारिणीची सदस्य नव्हते.

या पुस्तकांची किंमत कळायची ती फक्त चोरांना. आणि चोर म्हणजे कोण, तर प्राध्यापक. एका गृहस्थानं ब्लेडनं नकाशा कापून नेला, आणि पुढच्या महिन्यात आमच्याच व्यासपीठावर 'वाचनसंस्कृतीचा ऱ्हास' या विषयावर तासभर बोलला. मी पहिल्या रांगेत बसून त्याच्या हातांकडं बघत होते. दुसऱ्यानं चार वर्षांनी ग्रंथ परत आणला, तोही हळदीचे डाग पाडून, आणि वर "सांभाळून ठेवला होता हं" म्हणाला.

तेव्हा मी शिक्का करून आणला. जांभळ्या शाईचा. 'संदर्भ. बाहेर देऊ नये.' वरच्या प्रत्येक पुस्तकावर मी स्वतःच्या हातानं तो मारला. भिंतीवर पुठ्ठा लावला. घरी नेता येणार नाही. झेरॉक्स मिळणार नाही, कारण त्यानं पुस्तकाची पाठ मोडते. मोबाईलनं फोटो काढायचा नाही, कारण फोटोसाठी लोक पुस्तक उताणं करून दाबतात. कोणी हुज्जत घातली की मी पुठ्ठ्याकडं बोट करायची. नियम आहे. नियम कोणी केला, ते सांगायच्या भानगडीत पडायची नाही.

वर नेमानं येणारा माणूस एकच होता. दर गुरुवारी सीमेकडच्या एका गावातून एसटीनं येणारे जैन शेतकरी, सत्तरीचे. मी त्यांना आप्पा म्हणायची. पायऱ्यांशी चपला काढून वर यायचे, जणू बसदीत, त्यांच्या जैन मंदिरातच आलेत. त्यांना हवा असायचा तो शिलालेखांचा जाड ग्रंथ. त्यांच्या गावच्या बसदीतल्या दगडावरचा लेख त्यात अक्षरन् अक्षर छापलेला होता. तो दगड आता दिसत नव्हता. गावच्या हुशार मंडळींनी जीर्णोद्धार केला आणि दगडावर चकचकीत फरशी बसवली. पुसायला सोपी पडते म्हणून. धन्य ती अक्कल.

आप्पा एका वहीत तो लेख उतरवून घ्यायचे. लिपी जुनी कानडी, नजर मोतीबिंदूची, हात नांगराला सरावलेला. एका गुरुवारी तीन ओळी झाल्या की डोळे गळायला लागायचे. संध्याकाळी त्या तीन ओळी घरी थोरल्या भावाला दाखवायचे. भाऊ कानडी शाळेत शिकवून निवृत्त झालेला, आता खाटेवर. तो अर्थ लावायचा. त्या दगडाशेजारची विहीर गावाला कोणी बांधून दिली, एवढंच त्या दोघा म्हाताऱ्यांना जाणून घ्यायचं होतं. लहानपणी वडील त्यांना दगडापुढं उभं करून म्हणायचे, नाव हाय ह्यात, वाचणारा पायजे.

"आलं का हो नाव?" मी विचारायची.

"कुठलं काय बाई. अजून राजाचंच कौतुक चाललंय. अण्णा म्हणतोय, राजा झाला की गुरू येत्यात, मग देणाऱ्याचं नाव."

"म्हणजे आपल्या सत्कार समारंभासारखंच की," मी म्हणाले आणि आम्ही दोघंही हसलो.

गेल्या दिवाळीनंतर एका गुरुवारी त्यांनी ग्रंथ मिटून माझ्यापुढं ठेवला. "बाई, आठ दिसांसाठी घरला द्या की. अण्णाला ह्यो जिना जमत न्हाय. त्यो एका दिवसात वाचून काढंल. त्येचं बी आता काय खरं न्हाय."

मी पुठ्ठ्याकडं बोट केलं.

ते वाचलं त्यांनी. म्हणाले, "बरं." पुन्हा ग्रंथ उघडला आणि तीन ओळी उतरवून गेले. मला स्वतःचा अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू. नियम तो नियम, माणूस कितीही आवडता असो.

मग नवे अध्यक्ष आले. स्पर्धा परीक्षांचे क्लास चालवणारे गृहस्थ. आल्या आल्या वरच्या दालनात त्यांना अभ्यासिका दिसायला लागली. पार्टिशन, एसी, प्रत्येकाला चार्जिंगचा पॉइंट. पुस्तक सोडून सगळं. सभेत त्यांनी ठराव मांडला. ज्या पुस्तकाची दहा वर्षांत देवघेव झाली नाही, ते बाद. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर जो तारखेचा कागद असतो, तो बघायचा. कोरा असेल तर रद्दी.

मी विरोध केला असेल असं वाटतंय ना? मी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांपुढं खालची मांडणी होती. यशाचे सात मंत्र आणि श्रीमंतीचे नऊ, ढीगच्या ढीग. म्हटलं, बरं झालं, घाण जाईल. ठरावावर ग्रंथपाल म्हणून सहीसुद्धा केली, आणि भाचीच्या लग्नासाठी चार दिवस कबनूरला गेले. तिथल्या यंत्रमागांच्या खडखडाटात मनसोक्त जेवले, मिरवले.

परत आले तर खालचे मंत्र जागच्या जागी. कसे जातील? त्यांच्या कागदांवर तारखाच तारखा. लोक घरी नेत होते, न वाचता परत आणत होते, पण तारीख पडत होती. वर गेले. दालन मोकळं. भिंतीवर फक्त माझा पुठ्ठा होता.

मग डोक्यात उजेड पडला. वरचं एकही पुस्तक कधी बाहेर गेलंच नव्हतं. सगळे कागद कोरे. मीच कोरे ठेवले होते.

अध्यक्षांच्या क्लासवर जाऊन भांडले. ते शांत. "बाई, कुणी वाचत असतं तर तारीख नसती का?"

"अहो, ती बाहेर द्यायचीच नव्हती. तारीख पडणार कुठनं?"

"मग आत बसून वाचणाऱ्यांची नोंदवही असेल की. दाखवा."

नोंदवही नव्हती. एका आप्पांसाठी वही कशाला घालायची, असं मीच ठरवलं होतं. त्या अडाण्याला चार शिव्या द्याव्यात असं फार वाटलं. पण तो अडाणी माझ्याच शिक्क्याप्रमाणं वागला होता. रद्दीवाल्याकडं रिक्षा करून गेले. तो म्हणाला, "कालच माल गिरणीला गेला की ओ. लगदा झाला असंल आता." ग्रंथाची दुसरी प्रत कुठं मिळते का म्हणून दोन दिवस फोन केले. ज्यांच्याकडं असायला हवी, त्या विद्वानांना ग्रंथाचं नावही माहीत नव्हतं.

गुरुवारी आप्पा आले. चपला काढल्या. मी त्यांना जिन्यातच गाठलं आणि सगळं सांगितलं, शिक्क्यापासून सहीपर्यंत. गुळमुळीत बोलायची सवय नाही मला, तेव्हाही बोलले नाही.

ते पायरीवर बसले. मग म्हणाले, "म्हंजे बाई, त्या दिशी आठ दिसांसाठी दिलं असतं, तर त्या कागदावर तारीख पडली असती. व्हय न्हवं?"

"हो."

"तर ऱ्हायलं असतं."

"हो."

आवाजात राग नव्हता. हिशेब नीट समजून घ्यावा तसं विचारलं त्यांनी. रागावले असते तर मी उलट बोलले असते, ते मला येतं. त्यांनी पिशवीतून वही काढली आणि शेवटचं लिहिलेलं पान उघडलं.

"राजा संपला गेल्या येळंला," ते म्हणाले. "गुरू बी संपलं. अण्णा म्हणाला, ह्या गुरुवारी नाव येतंय बघ. सकाळपासनं उशाला टेकून बसलाय त्यो."

वही त्यांनी पिशवीत घातली आणि चपला पायांत सरकवल्या.

"त्येला काय सांगू, तेवढं सांगा बाई."