भरतीची वेळ

साडू गेले तो गुरुवार होता. सकाळी अकराला पलूसहून फोन आला. मी सांगलीत, विश्रामबागेत घरी होतो. एसटीनं पलूसला पोहोचलो तेव्हा दीड वाजला होता. अंगणात माणसं होती.

आमच्या दोन जिल्ह्यांत दगडाकडं त्यांच्याइतक्या आशेनं पाहणारा आणि दगडानं त्यांच्याइतकं निराश केलेला दुसरा माणूस झाला नसेल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पलूसच्या शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला. मी त्यांना मास्तर म्हणे. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो, म्हणून ते मला नावानं कधी हाक मारत नसत. "ग्रंथपाल" एवढंच म्हणत, आणि त्यात थोडी कीव असे. पुस्तकातला माणूस म्हणजे अंगाला ऊन न लागलेला माणूस, असं त्यांचं मत होतं. त्यांना वेड होतं जीवाश्मांचं. लाखो वर्षांपूर्वी मेलेले शिंपले, शंख, मासे, जे दगडात राहून दगडच झाले, ते. आणि जन्म मिळाला तो सातारा-सांगलीच्या काळ्या पाषाणात. हा सगळा ज्वालामुखीचा दगड. त्यात शोधून शोधून काही सापडत नाही. मास्तरांना हा स्वतःचा अपमान वाटे. "ग्रंथपाल, हा सगळा थिजलेला रस्सा आहे," ते म्हणायचे. "उकळत्या रश्श्यात कोण पोहणार? आपल्याकडं मेलेल्याची खूणसुद्धा राहत नाही." तरी आशा सुटत नसे. औंधला यमाईच्या दर्शनाला नेलं तर हे पायऱ्यांवर ओणवे. मागची माणसं समजायची, नवस मोठा दिसतोय.

खिशात खडू आणि भिंग कायम. त्या खडूनं एकदा सांगलीतल्या एका लग्नात घोळ घातला. कार्यालयाला नवी फरशी बसवली होती, कुठल्या तरी परदेशातली. पंगत बसायच्या आधी मास्तर खांबाजवळ गुडघ्यांवर बसले आणि लहान मूल रांगावं तसे पुढं गेले. फरशीत शंख सापडला होता, चांगला बोटभर. कुणाचा पाय पडू नये म्हणून त्यांनी त्याच्याभोवती खडूनं मोठं रिंगण काढलं आणि मला बोलवायला बाहेर आले. आम्ही आत गेलो तेव्हा रिंगणाभोवती माणसं गोळा झाली होती आणि कुणीच पुढं सरकत नव्हतं. मुलीचे मामा ओरडत होते, "करणी केलीया कुणीतरी! पैल्यांदा लिंबू हुडका!" मास्तरांनी शांतपणे सांगितलं की आत जो आहे तो कोट्यवधी वर्षांपूर्वीच मेला आहे. त्यानं भीती कमी झाली नाही. पंगत दुसऱ्या दालनात बसली. मास्तर मात्र खुर्ची ओढून रिंगणापाशीच जेवले. अक्का, म्हणजे त्यांची बायको, लांबून मला म्हणाल्या, "बगा तुमचं साडू. जित्या पावण्यांस्नी सोडून मेलेल्याच्या पंगतीला बसल्यात."

दर दोन-तीन वर्षांनी पलूसहून द्वारकेला यात्रेची गाडी जाई. मास्तरांचा देवाशी फार संबंध नव्हता, पण द्वारकेच्या पुढं ओख्याच्या बाजूला किनाऱ्याचे खडक असे आहेत की समुद्र ओसरला की शंखशिंपल्यांनी भरलेला दगड उघडा पडतो. त्यासाठी ते यात्रेची सगळी व्यवस्था अंगावर घेत. अट एकच, एक दुपार किनाऱ्याची. गाडीतल्या बायकांनी दर्शनाची रांग मोठी असल्याची तक्रार केली की म्हणत, "देव दिवसभर उभा आहे. समुद्र थांबत नाही." पहिल्याच खेपेला ते आणि अक्का खडकांवर फार पुढं गेले होते. समोर पाणी लांब दिसत होतं, पण त्यांच्या मागची खोलगट जागा गुपचूप भरली आणि परत येताना अक्का कमरेपर्यंत पाण्यात होत्या. एका कोळ्यानं हात दिला म्हणून बाहेर आल्या. तेव्हापासून मास्तरांनी गळ्यात शिट्टी घातली आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक पंचांगाशेजारी टांगलं.

या वेळापत्रकानंच मोठी गंमत केली. एका वर्षी निघण्याआधी त्यांनी यात्रेकरूंसाठी मोबाइलवर निरोप पाठवला: "रविवारी सकाळी सात वाजता माझ्या घरी भरतीची सविस्तर माहिती देण्यात येईल. घट्ट बूट आवश्यक. उशिरा येणाऱ्यास सांगितले जाणार नाही." निरोप चुकून गावाच्या ग्रुपवर गेला. आमच्याकडं भरती म्हणजे फौजेची. दुसरा अर्थ लोकांच्या कानावर पडलेलाच नाही. रविवारी साडेसहालाच अंगणात पन्नासएक पोरं बूट बांधून हजर. त्यातल्या एकाचे वडील पुढं झाले. तो संवाद मी पायरीवर बसून ऐकला आहे.

"गुरजी, छाती किती लागतीया?"

"छातीचा प्रश्नच येता कामा नये," मास्तर म्हणाले. "घोट्याला पाणी लागलं की मागं फिरायचं."

"आन् वजन?"

"पाठीवर ओझं नको. हात मोकळे."

"पोराचं पाय जरा सपाट हायती, गुरजी."

"सपाट असू देत. शेवाळावर बरे."

"आवं, मागच्या साली त्यापायीच काढला त्याला! पर ही भरती हाय तरी कुटली?"

"कुठली म्हणजे? अरबी समुद्राची."

तो गृहस्थ मागं वळून ओरडला, "आरं, नेव्हीची हाय रं!"

मग मास्तरांनी फळा बाहेर आणला आणि पन्नास पोरांना चंद्र समजावून सांगितला. निम्मी पोरं कुंपणावरून गेली. उरलेल्यांना अक्कांनी पोहे केले. शब्द बदला, असं मी सुचवलं तर मास्तर रागावले. "भरती हा शब्द समुद्राचा आहे. पलटणीनं तो मागून नेलाय आणि परत केलेला नाही."

गाडीत आरती झाली की त्यांच्या सूचना सुरू होत, आणि आरतीपेक्षा त्या लांब असत. कड्याच्या पायथ्याला सावलीत बसायचं नाही. सावली दिसते, सुटलेला दगड दिसत नाही. हिरवा खडक म्हणजे साबण. समुद्राकडं पाठ करून फोटो नाही. टोपी, पाणी, बूट. गावातल्या कोळ्याला विचारल्याशिवाय खाली उतरायचं नाही. खडकाला हातोडी तर सोडाच, नखसुद्धा लावायचं नाही; वाळूतले सुटे शिंपले मात्र बायकांनी मूठभर घ्यावेत. "आजचं मेलेलं न्यावं, कालचं मेलेलं राहू द्यावं." पाणी फिरायच्या ठोक्याला शिट्टी. शिट्टीनंतर पुढं एक पाऊल नाही, मग समोर कुबेराचा हंडा का असेना. इतकं भिववूनही त्या दुपारी माणसं खूष असत. कधी समुद्र न पाहिलेल्या म्हाताऱ्या खडकातल्या शंखावर बोट ठेवून "ह्यो जिता हुता?" असं विचारत, आणि मास्तर "होता" म्हणत. तो एक शब्द म्हणताना ते जितके आनंदी दिसत तितके मी त्यांना कधी पाहिले नाहीत.

त्यांना स्वतःला मात्र हवं ते मिळालं नव्हतं. समुद्रात साळिंदरासारखे काटे असलेला एक प्राणी असतो. मेल्यावर काटे झडतात आणि बत्ताशासारखी पाठ उरते. तिच्यावर ठिपक्यांचं पाच पाकळ्यांचं फूल असतं. मास्तरांनी ते फूल फळ्यावर जन्मभर काढलं, पण खडकात बसलेलं एकदाही पाहिलं नव्हतं. आणि तीन वर्षांपूर्वी मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याचा पडदा झिजतोय. कडेचं दिसेल, मधलं जाईल, आणि फार दिवस नाहीत. मास्तर मला एवढंच म्हणाले, "ग्रंथपाल, या वर्षीची यात्रा चुकवायची नाही. ते एकदा बघून घेतो. मग जाऊ देत डोळे."

त्या वर्षी गाडीत औंधचे एक निवृत्त सुभेदार होते. मास्तरांची शिस्त आवडलेला तो एकच माणूस. दुपारी आम्ही खडकांवर उतरलो. मास्तर वाकून, मान तिरकी करून, डोळ्यांच्या कडेनं एकेक हात खडक पाहत होते. मी माझ्या सवयीप्रमाणं पुस्तक घेऊन लांब गेलो. बसायला जागा शोधताना पायाशी ते दिसलं. निम्मं खडकात, निम्मं बाहेर. पाच पाकळ्या. मी पाहिलं, पटकन मोबाइलवर फोटो काढला आणि हाक मारायला वळलो, तोच शिट्टी झाली.

मी धावत आलो. "मास्तर, सापडलं!"

"काय?"

"पाच पाकळ्यांचं."

त्यांनी मान तिरकी करून माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "खडकात?"

"खडकात. त्या उलट्या होडीच्या पलीकडं. सात-आठ मिनिटं. पाणी अजून लांब आहे."

"समोरचं लांब आहे. ते मागनं येतं."

सुभेदार म्हणाले, "मास्तर, मी हाय की हितं. समद्यांस्नी मी वर घिऊन जातो. तुमी पळत जावा, पळत या."

"शिट्टी झाली, सुभेदार."

"आवं, जावा की!" अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. "फुडच्या साली डोळं ऱ्हायचं न्हाईत. मी सांगतिया न्हवं, जावा!"

मास्तरांनी मागं पाहिलं. गाडीतली सगळी माणसं उभी होती आणि त्यांच्याकडं बघत होती. "मी गेलो तर शिट्टीनंतर जाता येतं, असं यांना कळेल," ते म्हणाले. "पुढच्या खेपेला मी नसेन. तेव्हा कुणीतरी जाईल." आणि ते किनाऱ्याकडं चालू लागले. मी मोबाइल पुढं केला. त्यांनी तो हातानं बाजूला सारला. "फोटोत मी ते जन्मभर बघतोय."

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी सोमनाथला निघायची ठरली होती. एक दिवस थांबू या, असं मी म्हणालो, सुभेदारांनीही म्हटलं. पण चाळीस माणसांचा मुक्काम पुढं ठरलेला होता आणि मास्तरांनीच तो ठरवला होता. गाडीत ते माझ्याशेजारी येऊन बसले. मग त्यांनी विचारलं, "पाकळ्या टोकाला मिटलेल्या होत्या का उघड्या?"

"मिटलेल्या असाव्यात."

"असाव्यात?" ते म्हणाले. "बरं, ठिपके? जोडीनं होते का एकेकटे?"

मी आठवायचा प्रयत्न केला. फोटो उघडून पाहिला, तो हललेला होता. मी म्हणालो, "मास्तर, मी घाईत होतो."

"हो. शिट्टी झाली होती," ते म्हणाले, आणि माझ्या गुडघ्यावर दोनदा थोपटलं.

दिवाळीपर्यंत त्यांच्या डोळ्यांतलं मधलं गेलं. नंतरची यात्रा त्यांच्याविना गेली. मी गेलो नाही.

निवृत्तीनंतरही कॉलेजच्या ग्रंथालयात मला बसू देतात. मास्तरांच्या पश्चात, गेल्या आठवड्यात मी तिथं एक पुस्तक काढून पाहिलं. त्यात लिहिलं आहे की ठिपके जोडीनं असतात. मी पाहिलं त्यावर ते कसे होते, मला सांगता येत नाही.