रेजिनाच्या उंबराचं पाणी

माझा आजा जेरोम पाटील म्हणजे ठाण्याच्या खाडीकाठचा राजाच. फिरंग्यांच्या काळापासून पाटीलकी घरात, चर्चमध्ये पहिला बाक आमचा आणि राग कायम नाकावर. धाकटा भाऊ पास्कूही तसाच. वाटण्या झाल्या तेव्हा बापाची विहीर पास्कूकडे गेली आणि तिच्याभोवतीचं शेत आजाकडे. भांडायला एवढं पुरलं.

अठराशे सत्तरच्या सुमारास माझ्या आईचं, रेजिनाचं, लग्न ठरलं. आमच्यात लग्नाआधी बायका वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचं पाणी आणतात, त्याच पाण्यानं नवरीला न्हाऊ घालतात. पाटलांच्या सगळ्या लेकी त्या विहिरीच्या पाण्यानं न्हाल्या होत्या. पास्कूनं विहिरीवर काटेरी फांद्या टाकल्या आणि पुढे उभा राहिला.

"तुजे पोरीला माजे बावीचा पानी नाय!"

वाजंत्री थांबली. बायका रिकाम्या कळशा घेऊन परतल्या. आईला शेजाऱ्यांच्या पाण्यानं न्हाऊ घातलं.

पुढे चर्चची दफनभूमी भरली, तेव्हा आजानं विहिरीभोवतीचं शेत नव्या दफनभूमीसाठी चर्चला देऊन टाकलं. अट एकच, पहिली कबर विहिरीला लागून खणायची. लोक म्हणाले, काय ही भक्ती! भक्ती कसली डोंबलाची! कबरींमधलं पाणी कोण पिणार? पास्कू दारात आला.

"दादा, अजून एक पन मयत आला नाय. जागा परत घे रे. घरान पोरा लहान हान."

"जागा आता देवाची हाय. देवाला सांग."

त्या दिवशी आजा पोटभर जेवला, असं आजी सांगायची. मग तो गावातल्या पहिल्या मरणाची वाट बघत बसला.

आई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मी जगले, ती गेली.

अट आजाचीच होती. कबर विहिरीला लागून खणली. माती लोटून झाल्यावर पास्कू भरलेली कळशी घेऊन पुढे आला.

"दादा, तुजे पोरीचा पानी ऱ्हेलेला."

आणि त्यानं ती कबरीवर रिकामी केली.

पास्कूला पश्चात्ताप झाला होता, असं पाद्री म्हणायचे. मला ते पटत नाही. मी त्या दोघांनाही माफ केलेलं नाही. आता दोघेही आईच्या शेजारीच पुरलेत. दर नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, मी तिथे जाते आणि मेणबत्ती एकच लावते.