फुकटची फ्लॉपी आणि एकच खुर्ची

आमच्या कंपनीत कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला हार घातला, नारळ फोडला, पडद्याच्या कोपऱ्यावर कुंकवाचं बोट लावलं आणि मग काचेच्या केबिनवर पाटी लावली: चपला बाहेर काढा. वाळूजच्या त्या शेडमध्ये लोखंडाचा कीस पायाखाली करकरायचा. पण मशीनला धूळ चालत नाही, असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं.

मी ट्रेसर होते. इंजिनियर पेन्सिलनं चित्र काढायचे. आम्ही त्यावर ट्रेसिंग पेपर ताणून बसवायचो आणि शाईनं गिरवायचो. चुकलं तर ब्लेडनं अलगद खरवडायचं. हे काम करायला आम्ही दोघी होतो, मी आणि आपा. आपा माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठ्या, खुलताबादच्या. त्यांची रेघ अशी की साहेबही हात लावायला कचरायचे.

साहेबांनी आम्हाला बोलावून सरळ सांगितलं. "हे टेबल आता निघणार. मशीनवर एक माणूस पुरे. दुसरीला स्टोअरमध्ये बघू कुठं बसवता येतं का."

बघू म्हणजे काय, ते आम्हा दोघींना कळलं. बाहेर येऊन आपा म्हणाल्या, "बघू म्हणजे अल्ला मालिक."

ड्रॉइंगचं खरं सॉफ्टवेअर महाग होतं, ते यायला वेळ होता. तोवर हात बसावा म्हणून विकणाऱ्यानं एक फ्लॉपी फुकट दिली होती. तिच्यात चित्रकारांसाठीचा प्रोग्राम होता. सुरू केला की आधी इंग्रजीत पाटी यायची: वापरून बघा, आवडलं तर पैसे पाठवा. साहेब म्हणाले, याच्यावरच फ्लँज काढून दाखवा. फ्लँज म्हणजे पाइप जोडायची भोकं पाडलेली चकती. जिची बरी येईल ती बसेल.

मला कुठलंही काम सुरू करायच्या आधी कागदावर मांडायची सवय आहे. मी दोन रकाने केले: कामाचं आणि बिनकामाचं. सरळ रेघ, वर्तुळ, खोडरबर हे कामाचं. पाच जाडीचे ब्रश, रंगाचा डबा आणि तुषार उडवणारी नळी हे बिनकामाचं. आपांनी मात्र पहिल्याच दिवशी ती नळी घेतली आणि पडद्यावर भडक गुलाबी धुरळा उडवला.

"काय करता आपा! साहेब बघतील."

"बघू दे की. दसऱ्याला ट्रकावर मारतात तसा मारलाय. मशीनची नजर उतरंल."

माऊस मात्र दोघींनाही जुमानेना. रेघ सुरू करायची एकीकडे आणि ती जायची भलतीकडे. मग आम्ही दोघींनी तेच केलं जे कोणीही ट्रेसर करेल. फ्लँजचं शाईचं ट्रेसिंग घेतलं, टेपनं पडद्याच्या काचेवर चिकटवलं आणि त्याच्या आडून दिसणारा बाण माऊसनं त्या रेघांवरून फिरवायला लागलो. आतून उजेड, वर पारदर्शक कागद. आमच्या लाइट टेबलासारखंच की! अर्धी चकती झकास आली. मग बाण पडद्याच्या वरच्या कडेला टेकला आणि आतलं चित्र हळूच खाली सरकलं. कागद जागच्या जागी. आम्हाला पत्ताच नाही. सगळं गिरवून झाल्यावर कागद काढला, तर खालची अर्धी चकती वरच्या अर्धीवर चढून बसलेली आणि भोकं एकमेकांत घुसलेली.

आपा इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. मला हसू येईना. मी गिरवणं सोडून दिलं. वर्तुळाचं साधन घेतलं, मध्य ठरवला, एका झटक्यात चकती आली. मग आतली भोकं, तशीच. हाताला काही कामच नव्हतं. आपांना ते दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ही रेघ कुणाची? मशीनची. मग आपण कशाला?" त्यांनी वर्तुळाला हात लावला नाही. गिरवतच राहिल्या.

त्याच दिवसांत घरी दादाचं वेगळंच सुरू होतं. मोठा भाऊ. विद्यापीठाच्या नामांतराचा प्रत्येक मोर्चा त्यानं केलेला. मी शाळेत होते तेव्हापासून ती मागणी आमच्या घरात जेवायला बसायची. त्या मागणीपायीच आमचं गावातलं घर जाळलं गेलं होतं आणि आम्ही शहरात आलो होतो. फलकांची अक्षरं दादाच रंगवायचा.

"तुझ्या मशीनवर काढ की अक्षरं," तो म्हणाला. "एकसारखी येतील."

"कंपनीची मशीन आहे ती. माझी नाही."

"व्हय? मग तू कुणाची?"

आई मधे पडली. "गप रं. तिच्या पगारावर तुझा चहा व्हतो."

घरात मी कंपनीवाली आणि कंपनीत मोर्चाच्या दिवशी बस बंद पडली की कोणीतरी हमखास माझ्याकडे बघून म्हणायचं, "आज तुमच्या लोकांनी सुट्टी दिली बघा." दोन्हीकडे उत्तर द्यायची सोय नव्हती. खुर्ची अजून ठरायची होती.

ती मला मिळाली. प्रिंटरमधून दोघींच्या चकत्या निघाल्या. आपांची थरथरलेली, माझी गोल. आपांना स्टोअरमध्ये घेतलं, नटबोल्टांच्या पेट्यांवर चिठ्ठ्या लावायला. मी सुटकेचा श्वास सोडला आणि चपला बाहेर काढून आत गेले.

केबिनला खिडकी होती, पण उघडणारी नव्हती. एसी मशीनसाठी होता, त्यामुळे तो कमी करता यायचा नाही. उन्हाळ्यातही पाय गार पडायचे. टेबलावर असताना आपा आणि मी दिवसभर बोलायचो. आता काचेपलीकडे तोंडं हलताना दिसायची. महागडं सॉफ्टवेअर आलं, तेही मीच शिकले. मग ड्रॉइंग मीच काढायची, बदल मीच करायचे, पुण्याच्या गिऱ्हाइकाचा फोन मीच घ्यायचा. आजारी पडले तरी साहेब गाडी पाठवायचे.

त्या जानेवारीत नामविस्ताराची घोषणा झाली. दुसऱ्या दिवशी आमची सगळी वस्ती विद्यापीठाच्या गेटवर जाणार होती. आईनं पांढरी साडी काढून ठेवली. दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, "येतीस का?"

मी साहेबांकडे सुट्टी मागितली. ते अगदी गोड बोलले. "घे ना. मी कुठं नाही म्हणतो? फक्त मशीनवर कोण बसेल तेवढं सांग. पुण्याचं ड्रॉइंग उद्याच जायचंय."

मी तडक स्टोअरमध्ये गेले. आपांना म्हटलं, तीनच बदल आहेत, मी पायऱ्या लिहून देते, एक दिवस बसा.

आपा पेटीवर बसून चिठ्ठ्या चिकटवत होत्या. "मेरेकू नक्को बेटा."

"जमेल तुम्हाला. खरंच."

"जमंल, म्हणूनच नक्को. उद्या मी बसले, तर परवा साहेब म्हणंल, दोघींना येतंय, मग दोघी कशाला? एकीला घरी धाडा. तू घरी बसशील का मी? सांग."

मी हा हिशोब केला नव्हता असं नाही. फक्त आपांनी केला नसेल असं वाटलं होतं.

सकाळी कंपनीची बस जवळपास रिकामी होती. आम्ही वाळूजकडे निघालो आणि समोरून गंगापूरकडचे ट्रक शहराकडे येत होते, निळे झेंडे, माणसं दाटीवाटीनं उभी, बाया गाणी म्हणतायत. एका बाईनं आमच्या बसकडे बघून हात हलवला. माझ्या मांडीवर डबा होता. मी तो दोन्ही हातांनी धरून बसले.

तीन बदल दहा वाजायच्या आत झाले. साहेबांना दाखवले. "व्वा. आता जायचं तर जा घरी," ते म्हणाले आणि मग त्यांनाच आठवलं, "पण आज रस्त्यावर बंदोबस्त आहे, रिक्षा मिळायची नाही. बस संध्याकाळीच."

दुपारी आपा केबिनच्या दाराशी आल्या. चपला काढायला नकोत म्हणून आत आल्या नाहीत. दार ढकलून उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. पदराआडून त्यांनी दोन तिळाचे लाडू काढले. कुणीतरी कालच्या संक्रांतीचे दिलेले.

"धर. आन् बाहेर ये. ऊन खा जरा. हातपाय बर्फ झाले असतील."

"फोन आला तर?"

"येऊ दे की. तो काय चावतो?"

मी बाहेर आले. भिंतीपाशी ऊन होतं. मी अनवाणीच उभी राहिले, लाडू तोडला आणि आपांना म्हटलं, आत्ता गेटवर पोचले असतील सगळे. आपा म्हणाल्या, पोचले असतील, तुझी आई तुझ्या वाटचंपण बघून येईल. तेवढ्यात आत फोन वाजला. पुण्याचा होता. चौथं भोक थोडं मोठं करून हवं होतं.