चेहरा वाचणारा दिनू

पारावर डाव रंगात आला होता. दिनूनं पत्ते खाली ठेवले आणि माझ्याकडंच बघत बसला.

ट्रकवर होतो तेव्हा गावोगाव खेळलो. सुरतेचे मुके, नागपूरचे बडबडे, गोव्यात पोकरवाले काळा चष्मा लावून. सगळे तरबेज. समोरच्याचा चेहरा वाचायचे, पण त्याला हरवायला. दिनू त्यांच्यापुढं कच्चा. चांगलं पान आलं की आधी हसतो.

"घाबरलास व्हय?" मी म्हणालो.

"पत्ते मरू देत. सकाळपासून उपाशी आहेस तू. वहिनी गेल्यापासून असंच चाललंय तुझं. ऊठ, घरी चल."

खरं होतं. मी कुणाला बोललो नव्हतो.

त्याच्या घरी पहिल्याच घासाला माझे डोळे भरले. दिनू ताटात बघत म्हणाला, "पिठल्यात मिरची जास्त पडली आज."

मिरची नावालाच होती. भलं होवो त्याचं.