पेनिसिलीन चालत नाही
लग्नाच्या बोलणीत सासूबाईंनी काही लपवलं नव्हतं. मुलीच्या हृदयाची झडप लहानपणच्या तापाने बिघडली आहे, आणि "हिला पेनिसिलीन न्हाई चालत. त्याच तापात सुई टोचली तशी जागेवर कोसळली. परत कुणाला देऊ दिलं न्हाई." तेव्हापासून प्रत्येक डॉक्टरपुढे मी तेच घोकत आलो.

यंदा हृदयाचे डॉक्टर म्हणाले, झडप वाचवायची तर पेनिसिलीनच हवं, इतर गोळ्यांचा तेवढा भरवसा नाही. ॲलर्जी खरी आहे का, ते तपासून घ्या.

आकुर्डीच्या ॲलर्जीवाल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी हातावर टोचून पाहू, मग कातडीत, मगच औषध. रावेतचे ॲलर्जीवाले डॉक्टर म्हणाले, टोचाटोची नको, थोडं औषध तोंडाने देऊन समोर बसवू. मी चाकणच्या कंपनीत तपासणी खात्यात आहे. आमच्याकडे एका पार्टचं माप तपासायला एकच गेज. इथे माझी बायको आणि गेज दोन! "आधी तुमचं आपसात ठरवा," मी रावेतच्या डॉक्टरांना तोंडावर सुनावलं.

ते चिडले नाहीत. "अंगावर गांधी उठल्या असत्या, धाप लागली असती, तर मीही आधी टोचूनच पाहिलं असतं." मग तिला विचारलं, "त्या दिवशी काही खाल्लं होतं?"

"नाही. संकष्टी होती. चंद्र उगवायचा होता."

"मग ती उपाशीपोटी आलेली चक्कर असेल. तरी खात्री करूच."

ठरल्या दिवशी तिने औषध घेतलं. रिॲक्शन आलीच तर द्यायचं इंजेक्शन शेजारच्या ट्रेमध्ये भरून ठेवलं होतं. माझी नजर तिथून हलेना. तिने कान खाजवला, मी ताडकन उठलो.

"अहो, डूल टोचतंय. तुम्ही बाहेर जाऊन चहा घ्या बरं."

गेलो नाही. भीती वाटत होती, दुसरं काय.

दुपारी डॉक्टर म्हणाले, हिला पेनिसिलीन चालतं. गाडीत बसल्या बसल्या तिने आईला स्पीकरवर फोन लावला. "आई, ॲलर्जी नव्हतीच गं. पोटात काही नव्हतं, म्हणून पडले होते."

"ती संकष्टी," सासूबाई म्हणाल्या, "तुजा ताप उतरावा म्हणून मीच धराया लावली व्हती."