कळशीतला दशमांश

लातूर जिल्हा झाला त्या सुमारास दुष्काळ होता. नव्या दवाखान्यात बदलून आलेली एक नर्स आमच्या शेजारच्या खोलीत एकटीच राहायची. आम्ही तिला सिस्टर म्हणायचो. काहीही विचारलं की होकाराचं "हाव, हाव" असं दोनदा म्हणायची आणि गप्प व्हायची. पगाराचा दहावा हिस्सा ती चर्चला द्यायची. टँकरचं पाणी सुरू झालं तसं त्यातलाही दशमांश काढून कळशीनं चर्चच्या रांजणात ओतून यायला लागली.

एका रविवारी ती भरलेली कळशी तशीच घेऊन परत आली.

"काय झालं, सिस्टर?"

"चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, ख्रिस्ती माणसावर आता दशमांशाचं बंधन न्हाई. ते जुन्या नियमशास्त्रातलं हाय. टंचाईत पाणी घरीच ठेवा म्हणाले."

"बरं झालं की! सुटलात तुम्ही."

"हाव," ती एकदाच म्हणाली. कळशी कमरेवरच होती. मग हळूच म्हणाली, "तिथं पाणी प्यायला बाया येतात. आज उशीर केलात सिस्टर, म्हणतात. मला दुसरं कोण विचारतंय?"

मी तिच्या कमरेवरची कळशी उतरवून घेतली.

पुढच्या टँकरला तिनं पुन्हा चर्चसाठी कळशी भरली. मी म्हणाले, "आता पाळकसाहेबांना काय सांगणार?"

"सांगन की, बंधन न्हाई म्हणूनच आणलं," ती म्हणाली आणि रखरखीत उन्हात एकटीच चालू लागली.