पुतळीआजीचे वाटे

बाजारकुणंग गावापलीकडच्या त्या वाडीत एकट्यानं काही खायची सोय नाही. कणगीचे कंद खणा नाहीतर फणस फोडा, अकरा घरांचे अकरा वाटे पडतात आणि ते पुतळीआजीच करते. मी शेजारच्या गावची, म्हणून मला वाटा नाही. त्याचं मला काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगते.

मध्यंतरी आजीला मोतीबिंदू झाला आणि वाटे करताना फुला नावाच्या शेजारणीच्या पानावर नुसती कणगीची सालं पडली. फुला चार दिवस आजीशी बोलली नाही. ते आजीच्या जिवाला फार लागलं. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करू, पण आधी बीपी उतरू दे."

मी तिथली आशा कार्यकर्ती. आजीला रोज एक अशा तीस गोळ्या दिल्या. राज्यात वाघ-सापांपेक्षा हृदयविकारानं कितीतरी जास्त माणसं जातात, हेही बजावलं. महिन्यानं मोजलं, तर बीपी जागचं हललं नव्हतं.

"आजी, गोळ्या खाल्ल्यास काय?"

"व्हय तर! माझ्या वाट्याच्या दोन खाल्ल्या."

"आणि बाकीच्या?"

"घरटी दोन-दोन. उरल्या त्या मोठ्या कुटुंबांना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरोघर फिरून उरलेल्या गोळ्या परत घेतल्या. गणपती नावाच्या एका गड्यानं त्या देवापुढं ठेवल्या होत्या. लखूनं रेड्याला चारल्या होत्या आणि वर म्हणतो, "शिंगं मारायचा थांबलाय गे!" हातासरशी सगळ्यांचं बीपी मोजलं, तर आणखी चौघांना निघालं. त्यांना डॉक्टरांनी त्यांच्या त्यांच्या गोळ्या दिल्या.

तरी आजी हटून बसली. "एकटीनं गिळायला मी काय भूत हाय?"

मग मीच तोडगा काढला. रोज सकाळी सगळी वाडी आजीच्या ओसरीवर जमायची. बीपीवाल्यांच्या हातात आपापली गोळी, बाकीच्यांच्या हातात पेपरमिंट. आजी "हां!" म्हणाली की सगळ्यांनी एकदम तोंडात टाकायचं. लखू रेड्यालाही आणायचा. त्यालाही पेपरमिंट.

दीड महिन्यात बीपी उतरलं आणि ऑपरेशन झालं. पुढं काही दिवसांनी आजीनं कणगीचे वाटे केले. फुलानं आपला वाटा दोनदा मोजला, बरोबर भरला. मला रडूच आलं.

आजी माझ्याकडं बघत राहिली. "शिल्पा, कानशिलं कशी तटतटलीत गे तुझी? तुझं बीपी कोण मोजतंय?"

कोणीच नाही. सहा वर्षांत सगळ्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, माझाच तेवढा राहिला. मी ओरडायच्या आत आजीनं माझा हात धरला आणि फुलानं पट्टा आवळला. आकडा आजीच्या जुन्या आकड्याहून मोठा निघाला.



"आजच डॉक्टरला दाखव. नि उद्या सकाळी गोळी घिऊन हितं ये," आजी म्हणाली.

मग तिनं अकरा पानांशेजारी बारावं पान मांडलं आणि प्रत्येक वाट्यातली एकेक कणगी त्यावर ठेवत गेली.